कर्नलची झाडलोट आणि आपण इंदूरवाले

रविवारी सकाळी भाचा पोहे खायला आला, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि जिलबीचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाला, "मामा, मी लिनक्स कर्नलला पॅच पाठवला." आई शेजारीच बसली होती. तिला अजूनही कर्नल म्हटलं की महूच्या छावणीतले कर्नलसाहेबच दिसतात, ती म्हणाली, "त्यांना कसला पॅच रे, गुडघ्याला लावतात तो का?"

मला मात्र खरंच आनंद झाला. लिनक्स म्हणजे सगळ्यांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल तिचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. दाखव म्हटलं. लॅपटॉप उघडला तर पॅच असा की एका ड्रायव्हरच्या (एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) फाइलीत सहा ओळींच्या सुरुवातीला स्पेस होत्या, त्या जागी याने टॅब घातले. बस, एवढंच. कर्नलचा नियम आहे की ओळ आत सरकवायची तर टॅबनेच आणि तो टॅब आठ अक्षरांचा, आणि हे तपासायला चेकपॅच नावाची स्क्रिप्ट कर्नलसोबतच येते, ती कुठल्याही जुन्या फाइलीवर चालवली की बोंब मारते, इथे स्पेस जास्त, तिथे ओळ लांब. याने चालवली, तिने बोंब मारली, याने बोंब बंद केली. तिकडून उत्तर काय आलं तर पॅच लागतच नाहीये, कारण ज्या मेल प्रोग्राममधून पाठवला त्याने जाता जाता सगळ्या टॅबच्या परत स्पेस करून टाकल्या! दुसऱ्यांदा नीट पाठवला तर कळलं की दोन दिवस आधीच दुसऱ्या कोणीतरी त्याच सहा ओळी सरळ करून ठेवल्यात.

हसून घेतलं सगळ्यांनी. मग विचारलं हे सुचलं कुठून, तर म्हणाला कॉलेजात यंदा नियम आहे, ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) एक पॅच मंजूर झाला की प्रोजेक्टचे मार्क. म्हणजे वर्गातली झाडून सगळी पोरं स्पेस शोधत फिरून राहिलीयेत (इंदुरी मराठी आहे, पुण्याच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं). आणि त्या प्रत्येक पॅचला तिकडे एक माणूस वाचतो, ज्याच्यासमोर त्या दिवशी आणखी शेकडो मेल पडलेले असतात.

त्या दिवसापासून डोक्यात हेच चालू आहे म्हणून लिहायला बसलो. माझं म्हणणं असं की कर्नलची साफसफाई हे पगारी काम आहे, हौसेने किंवा मार्कांसाठी ते होत नाही, आणि आपल्या देशात मोबाइलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जे सगळं त्या कर्नलवर उभं आहे ते बघता त्या पगारातला आपला वाटा आपण द्यायला पाहिजे. सरकारनेही आणि कंपन्यांनीही.

इंदूरवाल्याला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले येतोय, त्याच्या आधी काय अभियानं नव्हती? पुढारी नवा कोरा झाडू घेऊन, आधीच झाडून ठेवलेल्या रस्त्यावर दोन हात मारून फोटो काढून जात होते, शहर होतं तसंच. फरक पडला तो रोज ठरल्या वेळेला गाडी दारात यायला लागली, ओला सुका दारातच वेगळा व्हायला लागला, रात्री सराफ्यातला खाऊबाजार उठल्यावर झाडणारी माणसं उतरायला लागली तेव्हा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघून गेली की काही तासांत राजवाड्याचा रस्ता परत दिसायला लागतो, ते काय गेर खेळणाऱ्यांच्या उत्साहाने होतं का? निगमची (महापालिकेची) माणसं ड्यूटीवर असतात म्हणून होतं.

ज्यांना कर्नल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटर किंवा मोबाइल चालू झाला की सगळ्यात खाली जो प्रोग्राम बसलेला असतो, जो मेमरी वाटतो, प्रोसेसरवर कोणाचा नंबर ते ठरवतो, डिस्क, वायफाय, कॅमेरा सगळ्यांशी बोलतो, तो कर्नल. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल असतो. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर मोजतात ना, ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत विद्यार्थी असताना पहिला कर्नल लोकांसमोर ठेवला तो होता दहा हजार ओळींच्या आसपास. आता तो चार कोटींच्या घरात गेलाय. नऊ दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीत दहा हजारांच्या वर बदल असतात. एवढं घर रोज वाढत असेल तर रोज झाडावं पण लागणार.

आता झाडणं म्हणजे नक्की काय, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो, विजेच्या मीटरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारे डबे आम्ही बनवायचो, आत लिनक्स. बोर्ड बाहेरचा, त्याच्याबरोबर चिपवाल्याने दिलेला कर्नल. मला काम दिलं की कोडचा प्रोग्राम बनवताना (बिल्ड करताना) ज्या वॉर्निंग येतात त्या साफ कर. त्यातली एक अशी की एका व्हेरिएबलमध्ये रजिस्टरची (चिपमधल्या छोट्या कप्प्याची) किंमत वाचून ठेवली आहे पण पुढे ती कुठे वापरलीच नाही. मी म्हटलं, कचरा आहे. व्हेरिएबल काढलं आणि त्याच्याबरोबर ती वाचण्याची ओळही काढली. वॉर्निंग गेली, साहेब खूष.

महिनाभराने फील्डमधून तक्रारी. डबा रीस्टार्ट झाला की दर चाळीस पन्नास वेळांत एकदा मोडेम उठतच नाही. आमच्या टेबलावर मात्र दिवसभर व्यवस्थित चालतोय. तीन आठवडे गेले. शेवटी ऑसिलोस्कोप लावून बघितलं तेव्हा दिसलं की रीसेटचा सिग्नल जेवढा वेळ खाली राहायला पाहिजे तेवढा राहतच नाहीये. कारण असं की प्रोसेसर रजिस्टरमध्ये लिहितो ते त्याच क्षणी चिपपर्यंत पोचेलच असं नसतं, मधे कुठेतरी रांगेत थांबतं. तेच रजिस्टर लगेच परत वाचलं की आधीचं लिहिलेलं पोचल्याशिवाय वाचणं पूर्ण होत नाही, म्हणून जाणकार माणूस लिहितो, मग वाचतो, वाचलेलं फेकून देतो आणि मग थांबायची वेळ मोजायला लागतो. मी ते वाचणंच काढलं होतं. त्यामुळे वेळ मोजणं आधी सुरू आणि सिग्नल मागून, कधी पुरतं, कधी पुरत नाही. ज्याने ती ओळ लिहिली त्याने एका ओळीची कॉमेंट लिहिली असती तर मी हात लावला नसता, आणि खऱ्या कर्नलमध्ये तो कोड असता तर गिट ब्लेम करून कोणी, कधी, का टाकला ते दिसलं असतं. आमच्याकडे चिपवाल्याने दिलेली एक झिप फाइल होती, इतिहास शून्य.

तेव्हापासून वॉर्निंगपेक्षा वॉर्निंग साफ करणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. कोड घाण आहे म्हणणं सोपं आहे. त्यातली कुठली घाण आहे आणि कुठली पाचर आहे हे ओळखायला ते हार्डवेअर हाताखालून गेलेलं लागतं. आणि म्हणूनच कर्नलच्या बऱ्याच भागांचे मेंटेनर (ते भाग सांभाळणारी माणसं) जुन्या चालत्या कोडवरचे नुसते स्पेस टॅबचे पॅच घेत नाहीत, एक तर मोडायची भीती आणि दुसरं, गिट ब्लेम केलं की ओळीवर मूळ माणसाऐवजी टॅब घालणाऱ्याचं नाव दिसतं. शिकाऊ पोरांसाठी स्टेजिंग नावाची वेगळी खोली आहे, २००८ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमनने सुरू केली, तिथे अर्धेकच्चे ड्रायव्हर ठेवतात आणि सोबत काय काय सुधारायचं आहे त्याची यादी. भाच्याने निदान दार तरी बरोबर ठोठावलं होतं.

खरी साफसफाई कशी असते बघायची तर बिग कर्नल लॉकची गोष्ट आहे. आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि संडास एक, सकाळी बादल्यांची रांग. १९९६ मध्ये लिनक्स २.० एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालायला लागला तेव्हा अशीच सोय केली होती, पूर्ण कर्नलला एकच कुलूप, एक प्रोसेसर आत असला की बाकीचे बाहेर उभे. तेव्हा दोन प्रोसेसर असले तरी डोक्यावरून पाणी, चालून गेलं. मग प्रोसेसर वाढले, रांग वाढली. कुलूप काढायचं म्हटलं तर कोणालाच नीट माहीत नाही की कुठल्या ड्रायव्हरने ते नेमकं कशाच्या रक्षणासाठी लावलंय, वर त्या कुलपाला अजब सवयी, ज्याने लावलं तो झोपला की आपोआप उघडायचं आणि उठला की परत लागायचं. एकेक फाइल वाचत, एकेक जागी छोटं कुलूप बसवत शेवटचा तुकडा निघाला २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत, आर्न्ड बर्गमनच्या हातून. पंधरा वर्षं लागली. याचा कुठे समारंभ झाला नाही, कोणाच्या फोनवर नवा आयकॉन आला नाही.

ह्याच माणसाने पुढे २०१८ मध्ये आठ जुन्या प्रोसेसर-कुळांचा आधार कर्नलमधून काढून टाकला, पाच लाखांच्या आसपास ओळी गेल्या आणि ४.१७ ही आवृत्ती आधीच्यापेक्षा लहान निघाली, जे कर्नलच्या बाबतीत फारच क्वचित होतं. काढून टाकणं ही पण सफाईच, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसाची. २०१२ च्या शेवटी इंटेल ३८६ या जुन्या प्रोसेसरचा आधार काढला तेव्हा तर ज्या मशीनवर लिनस टोरवाल्ड्सने पहिला कर्नल लिहिला तेच मशीन बाद झालं! आपण असतो तर हार घालून देवघराशेजारी ठेवलं असतं.

पण इथे माझं एक भांडण पण आहे. जुनं काढायच्या आधी तिकडे विचारतात, कोणी वापरतंय का हे? आणि आपल्याकडून कोणी उत्तर देत नाही. लोहामंडीत ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जा, बिल्टी (मालाची पावती) अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते, कारण कार्बनच्या तीन प्रती एका फटक्यात पाहिजेत, आणि तो प्रिंटर पंचवीस पिनांच्या जाड वायरने जोडलेला. जेल रोडला कोपऱ्यातला दुकानदार अजून तसल्या मशीनचं पॉवर सप्लाय बदलून देतो. म्हणजे वापरणारे आपण आहोत, पण ज्या जागी हात वर करायचा तिथे आपला माणूस नाही. तिकडून बघणाऱ्याला वाटणार की हे जगात कोणीच वापरत नाही. उद्या काढलं तर दोष कोणाचा?

आता जो मुद्दा इंदूरवाल्यांना आवडणार नाही तो. २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैल्याचं पाणी मिसळलं आणि माणसं गेली. वर रस्ता चकाचक, बक्षिसांच्या पाट्या, आणि खाली पाइप. मी नगर निगमच्या सफाई कामगाराला दोष देत नाहीये, त्याने त्याचं काम केलं. पण जमिनीखालच्या पाइपला नंबर मिळत नाही, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून तो मागे राहतो. कर्नलमध्ये हेच डर्टी काऊ नावाच्या फटीच्या बाबतीत झालं. मशीनवरचा कोणीही साधा युजर त्यातून मशीनचा मालक बनू शकत होता. २०१६ च्या ऑक्टोबरात ती बंद झाली आणि दुरुस्तीबरोबरच्या टिपणात टोरवाल्ड्सने स्वतःच कबूल केलं की अकरा वर्षांपूर्वी आपण हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो धड नव्हता, आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर त्रास झाला म्हणून परत उलटवावा लागला. नंतर कोणी मागे वळून बघितलं नाही. जगातली इतकी हुशार माणसं, आणि तरी. कारण मागे वळून बघणं हे कोणाच्याच रोजच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

मग कोणाच्या कामात लिहायचं? यावर नेहमीचं उत्तर, अरे भिया, इंटेल, गूगल, रेड हॅट पगार देतात की, कर्नलचं बहुतेक काम आता पगारी लोकच करतात. खरंय. पण कंपनी पैसे देते ते तिच्या नव्या चिपचा ड्रायव्हर आत जावा म्हणून. जुनं तपासणं, दुसऱ्याचे पॅच वाचणं, कोणाचीच नसलेली फाइल सांभाळणं, हे कुठल्याच कंपनीच्या तिमाहीत बसत नाही. कर्नलच्या काही आवृत्त्या सहा सहा वर्षं सांभाळल्या जायच्या, २०२३ मध्ये सांगण्यात आलं की पुढे दोनच वर्षं, सांभाळणारी माणसं थकली आणि त्या मानाने वापरणारे कमी. दोन वर्षं! आपल्याकडे मीटरवाला डबा भिंतीवर लागतो तो दहा वर्षांसाठी.

आणि आपलं सरकार? २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरायचं धोरण आलं, चांगलंच झालं. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काढली ती डेबियनवर, संरक्षण मंत्रालयाची माया २०२३ मध्ये आली ती उबुंटूवर बेतलेली, दोन्ही लिनक्सचीच रूपं. माझा विरोध नाही, पण दर वेळी स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून ढोल वाजतात आणि खाली कर्नल तोच. त्या कर्नलच्या देखभालीचं खातं कुठे आहे? जर्मनीने २०२२ मध्ये यासाठीच सरकारी फंड काढला, सॉव्हरिन टेक फंड, त्यांच्या आर्थिक व्यवहार मंत्रालयाच्या पैशातून, आणि काम काय तर जे सॉफ्टवेअर सगळे वापरतात पण ज्याच्या देखभालीला कोणी पैसे देत नाही त्याच्या देखभालीला पैसे देणं. त्यात अशाच खुल्या प्रकल्पांपैकी ग्नोमला दहा लाख युरो मिळाले, फ्रीबीएसडीला मिळाले, कर्लला मिळाले.

परक्यांच्या कोडवर आपल्या टॅक्सचा पैसा का, असं विचारणाऱ्याला मी राजवाड्यासमोरच्या बागेत नेऊन अहिल्याबाईंच्या पुतळ्यापुढे उभं करेन. राज्य माळव्यात, आणि बाईंनी १७८० मध्ये काशीचं मंदिर बांधलं, गयेला, सोमनाथला, कुठे घाट, कुठे विहिरी, खासगीच्या पैशातून. काशी काय होळकरांच्या हद्दीत होती? आपली माणसं तिथे जातात, एवढं पुरेसं होतं. आणि नुसतं बांधून सोडलं नाही, पूजेची, सांभाळण्याची सोयही लावून दिली.

कोणी म्हणेल आता रस्ट ही प्रोग्रामिंगची नवी भाषा आली, २०२२ च्या डिसेंबरात ६.१ मध्ये आत पण गेली, कर्नल ज्यात लिहिलाय ते जुनं सी हळूहळू जाईलच. जाईल तेव्हा जाईल, चार कोटी ओळी कोणी एका दिवाळीत बदलत नाही. कोणी म्हणेल एआय साफ करेल. करू दे, पण त्याने केलेलं वाचायला तोच मेंटेनर लागणार ना, म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी शंभर मेल.

मला जे पाहिजे ते फार मोठं नाहीये. ज्या कंपन्या सरकारी टेंडरमध्ये लिनक्सवाले डबे विकतात त्यांना अट घाला, ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पाठवलेला असला पाहिजे, झिप फाइल चालणार नाही. सी-डॅकसारख्या ठिकाणी दहा वीस माणसं फक्त कर्नलच्या देखभालीला बसवा, नवीन काहीही न बनवता, आणि त्यांचं प्रमोशन त्यांनी किती ओळी काढल्या आणि किती दुसऱ्यांचे पॅच तपासले त्यावर होऊ दे. सुपर कॉरिडॉरवर एवढ्या काचेच्या बिल्डिंगी झाल्यात, त्यातल्या एखाद्या मजल्यावर जुने बोर्ड, जुनी प्रिंटरं, जुने राउटर रॅकवर लावून ठेवा आणि नवा कर्नल निघाला की रात्रीतून त्यावर चालवून बघा. तिकडे विचारलं कोणी वापरतंय का, तर इंदुरातून उत्तर जाऊ दे की हो, वापरतोय, आणि हे बघा काय मोडलं.

भाच्याला मी सांगितलं स्पेस शोधणं सोड, कोणाला काय तपासून पाहिजे ते बघ. दोन आठवड्यांनी त्याला सापडलं, पॅरलल पोर्टच्या, म्हणजे त्याच पंचवीस पिनांच्या जोडणीच्या, कोडमध्ये कोणीतरी साफसफाई केली होती आणि खऱ्या मशीनवर चालवून बघणारं कोणी आहे का असं विचारलं होतं. आमच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. मुनीमजी म्हणाले, बिल्टीच्या टाइमाला हात लावायचा नाही, रविवारी या. रविवारी गेलो, दुसरी हार्ड डिस्क लावली, नवा कर्नल टाकला, पहिल्यांदा प्रिंटर अर्ध्या पानावर अडकला तेव्हा दोघांचे चेहरे उतरले, मग कळलं की कागदच संपला होता. नंतर चाळीस पानं सरळ निघाली, तो करकर आवाज खालच्या चहावाल्यापर्यंत जात होता. जुन्या कर्नलवर तीच चाळीस पानं परत काढली, दोन्हींच्या वेळा लिहून घेतल्या, मशीनचं मॉडेल, चिपसेट, सगळं व्यवस्थित मेलमध्ये घातलं. यावेळी टॅब शाबूत गेले.

पॅच आत गेला तेव्हा त्याच्याखाली भाच्याचं नाव होतं, टेस्टेड-बाय, म्हणजे याने तपासलं. त्याने कॉलेजात नेऊन दाखवलं. सरांनी वर खाली बघितलं आणि म्हणाले, याच्यात तुझी तर एकही ओळ नाही, मार्क कशाचे देऊ?